आजोबांनी बांधलेली दुसऱ्यांची घरं

आमचे आजोबा आर्किटेक्ट होते आणि आम्ही भाड्याच्या घरात राहायचो. हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या लोकांना ऐकवलंय, की त्यातली गंमत माझ्यापुरती केव्हाच संपली. ऐकणाऱ्याची मात्र संपत नाही. तो हसतो, मग ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण जगात पहिल्यांदा आपल्यालाच सुचल्यासारखी म्हणतो, आणि मीही ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करते.

यंदा आजोबांची जन्मशताब्दी. निवृत्त माणसाच्या हाती वेळ आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप एकत्र आले की गावात एक कार्यक्रम होतोच. आमचा काका गेल्याच वर्षी निवृत्त झाला. त्यानं हॉल ठरवला, प्रोजेक्टर ठरवला, स्मरणिका काढायचं ठरवलं आणि आजोबांना ‘वास्तुतपस्वी’ ही पदवीही परस्पर देऊन टाकली. आजोबा दुपारी जेवून गाढ झोपायचे आणि पावसाळ्यात साइटवर जायचं म्हटलं की त्यांना हमखास सर्दी व्हायची. पण तपश्चर्येचे प्रकार अनेक असतात, आणि पदवी देताना मुलगा ते तपासत बसत नाही.

स्मरणिकेचं काम माझ्याकडे आलं. माझं मराठी चांगलं आहे असा घरात समज आहे, कारण मी लग्नपत्रिकांतल्या चुका काढते. मी आजोबांची घरं शोधायची, फोटो काढायचे आणि प्रत्येकाखाली चार गोड ओळी लिहायच्या. दीपप्रज्वलन अर्थातच आजीच्या हस्ते.

आजी म्हणाली, “मी येणार नाही.”

आजोबांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण आजीचा त्यांच्याशी अबोला अजून चालू आहे. फोटोला हार घालते, पण फोटोकडे बघत नाही. श्राद्धाला त्यांना आवडणारी अळूची भाजी करते आणि ती वाढताना तोंडातून अक्षर काढत नाही. काकानं तिला आईपणाची, संस्कृतीची, हॉलच्या बुकिंगची अशी सगळी गळ घालून पाहिली. शेवटी ती म्हणाली, “तपस्या केली म्हणे! ह्यांनी माझ्यासाठी आखलेली एक भिंत मला दाखवा. एकच. मग येते तुमच्या स्टेजवर.”

काका हसला. मला हसू आलं नाही. आजी अठ्ठ्याऐंशीची आहे. नवऱ्यावरचा राग उराशी धरून ती एक दिवस निघून जाईल, या विचारानं मला खरंच भीती वाटत होती. दिवा कुणीही लावला असता. मला तिच्यासाठी ती भिंत हवी होती.

त्या काळी भाड्याच्या घरात राहणाऱ्यांची गोष्ट सगळीकडे सारखीच असायची, स्वतःचं घर कायम पुढच्या वर्षी. आमचा नाशिकमध्येच गंगापूर रोडच्या बाजूला एक प्लॉटही होता. आजोबा संध्याकाळी त्या प्लॉटसाठी घर काढत बसायचे. आजीनं विचारलं की म्हणायचे, “अजून पक्कं नाही. झालं की दाखवतो.” दुसऱ्यांची घरं पक्की होत गेली. प्लॉटवर शेजारच्यांच्या म्हशी बसत राहिल्या, आणि पुढे कधीतरी प्लॉटही गेला आणि म्हशीही.

मग मी शोध सुरू केला. पहिलं घर कॉलेज रोडवरचं. काकाच्या आठवणीत तिथं दगडी जोत्याचा बंगला, पुढे अर्धगोल व्हरांडा आणि बुचाचं झाड होतं. आता तिथं कोचिंग क्लास आहे. व्हरांड्याला काचा लावून तिथं रिसेप्शन केलंय आणि आजोबांनी हवा खेळावी म्हणून ठेवलेल्या झरोक्यांमध्ये एसी बसवलेत. म्हणजे हवा खेळतेच आहे, फक्त वीजबिलावर. मी त्या सरांना सांगितलं की ही इमारत माझ्या आजोबांनी डिझाइन केली. त्यांनी माझ्याकडे जरा आशेनं बघितलं आणि म्हणाले, “बरं झालं भेटलात. हा मधला खांब काढला तर चालेल का? मागच्या बाकांना फळा दिसत नाही.” मी म्हटलं, विचारून सांगते. कुणाला विचारणार होते, देव जाणे.

दुसरं घर पाडून तिथं टॉवर उभा राहिलाय. टॉवरच्या नावात ‘हेरिटेज’ हा शब्द आहे. आधी पाडायचं आणि मग त्याच्याच नावानं उभं करायचं, हे आपल्याकडे श्राद्धाइतकंच सवयीचं झालंय. मी गेटच्या पाटीचा फोटो काढला. वॉचमननं विचारलं, “टू बीएचके बघायचाय का?”

तिसरं देवळाली कॅम्पातलं. हे उभं होतं, रंगवलेलं होतं, आणि मालकांना आजोबांचं नावसुद्धा आठवत होतं. मला भरून आलं. मग त्यांनी घर दाखवलं. मध्यंतरी वास्तुतज्ज्ञ येऊन गेले होते. दक्षिणेकडचं दार बंद, ईशान्येचा जिना नैर्ऋत्येला, आणि देवघर जिथं आजोबांनी पुस्तकांची खोली काढली होती तिथं. मुख्य दरवाजा आता मागच्या मोरीशेजारून आहे. पाहुणे धुणं चुकवत आत येतात. मालक म्हणाले, “तेव्हापासून घरात फार शांतता आहे.” असेल. दोन्ही मुलं पुण्याला राहायला गेली होती.

स्मरणिकेची पानं अशी भरत चालली होती. काकाला मी रोज फोटो पाठवायचे आणि तो रोज हात जोडलेले इमोजी पाठवायचा. आजी चष्मा लावून ते फोटो बघायची आणि तिच्या खास आवाजात म्हणायची, “छान. कोण राहतं?” मग मोबाइल परत द्यायची.

निफाडचं घर काकाच्या यादीत सगळ्यांत शेवटी होतं, आणि त्यापुढे त्यानं ‘किरकोळ’ असं लिहिलं होतं. द्राक्षबागेच्या कडेला बैठा बंगला. मी पोचले तेव्हा घरातल्या बाई अंगणात मनुका निवडत होत्या. साठीच्या, उंच, सासरेही असेच उंच होते म्हणे. आर्किटेक्टची नात आलीय म्हटल्यावर त्या उठल्या, कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “बरं झालं आल्या ताई. आता तुम्हालाच दाखवते. या.”

त्यांनी मला थेट स्वयंपाकघरात नेलं. “हा वटा बघा. कोणासाठी केला व्हता हा? बाहुलीसाठी? माझ्या सासूबाईची कंबर या वट्यानं गेली. आता माझी चाललीय. सून तर म्हणती, मी टेबलावरच पोळ्या लाटते. तोडावा म्हटलं, तर सासरे म्हणायचे, सायबांच्या कामाला हात लावायचा नाय.”

कडाप्प्याचा ओटा खरोखरच बुटका होता. माझ्या मांडीला लागत होता. सिंकही तेवढंच खाली. भिंतीतली फडताळं अशा उंचीवर की त्या बाईंना वाकून वाटी काढावी लागावी. आणि पूर्वेच्या खिडकीखाली एक अरुंद कट्टा, भाजी निवडत बाहेर बघता येईल असा. तोही बुटकाच.

आमची आजी पाच फुटांना चांगलीच कमी आहे. भाड्याच्या घरात तिनं उभा जन्म पाटावर उभं राहून स्वयंपाक केला. एकदा त्या पाटावरून पडून तिचं मनगट मोडलं आणि ते नीट बसलंच नाही, अजून थंडीत दुखतं. वरच्या फळीवरचं काहीही हवं असलं की ती घरातल्या कुणाला तरी हाक मारायची, आणि घरातलं कुणीतरी कंटाळून उठायचं. 

मी त्या बाईंना विचारलं, हे घर माझ्या आजोबांनी तुमच्या घरच्यांशी बोलूनच काढलं असेल ना?

“छे हो! त्याची तर गंमतच हाय.” बाई खुलल्या. ही त्यांच्या घरातली आवडती गोष्ट असावी. “आमच्या मोठ्या नणंदेचं लग्न ठरलं. सासऱ्यांनी हट्ट धरला, मांडव नव्या घराच्याच दारात पडंल. गेले नाशिकला सायबांकडं. सायेब म्हणले, नकाशाला येळ लागंल. सासरे म्हणले, येळ नाय, तयार आसंल तो द्या. सायेब लय येळ गप बसले म्हणत्यात. मग उठले आन् कपाटातून एक तयार काढून दिला. सासरे कायम सांगायचे, बघा आपलं नशीब, आपलं घर त्यांनी आधीच काढून ठेवलं व्हतं!”

मी त्या कट्ट्यावर बसले. माझे गुडघे हनुवटीपर्यंत आले. इतके दिवस मी खांब, जिने आणि पाट्यांचे फोटो काढत हिंडत होते आणि आता मला रडू येत होतं. मला वाटलं, सापडली. एक भिंत मागितली होती, मी अख्खं स्वयंपाकघर घेऊन चाललेय. परतीच्या वाटेवर गाडीत मी स्मरणिकेचं शेवटचं पान मनातल्या मनात लिहून टाकलं. शेवटी आजीचे पाणावलेले डोळे होते. लग्नपत्रिकांतल्या चुका काढणारीला स्वतःच्या कल्पनेतली चूक दिसत नाही.

रविवारी आजीला निफाडला नेलं. काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं, चल, तुझी भिंत दाखवते. बाईंनी तिला हात धरून पायऱ्या चढवल्या, खुर्ची पुढे केली. आजी बसली नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात थांबली, मग आत गेली आणि ओट्यासमोर जाऊन उभी राहिली. दोन्ही तळवे कडाप्प्यावर ठेवले. कोपरं न उचलता, टाचा न उचलता. मी आजीला ओट्यापाशी अशी उभी असलेली आयुष्यात कधी पाहिली नव्हती.

“आजी, च्या तुम्हीच टाका,” बाई म्हणाल्या. आजीला तो ओटा बरोबर बसतोय, एवढं त्यांनी पाहिलं होतं.

आजीनं चहा टाकला. सहज हात पुढे करून फडताळातून साखरेचा डबा काढला, आलं किसलं, कप विसळले. कुणालाही हाक मारली नाही. मग चहा घेऊन ती खिडकीतल्या कट्ट्यावर बसली. तिचे पाय जमिनीला टेकले होते. मी फोटो काढले, खूप काढले. बाईंनी आपल्या सासऱ्यांच्या नशिबाची गोष्ट तिलाही सांगितली, तशीच, हसत हसत. आजीनं ती पूर्ण ऐकली. “लग्न छान झालं का तुमच्या नणंदेचं?” एवढंच तिनं विचारलं.

निघताना बाईंनी मनुकांची पिशवी दिली. आजीनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवायला हात वर केला, तो पोचेना, म्हणून बाई वाकल्या. त्यांना सवय होतीच.

वाटेतलं चांदोरी मागे पडलं तरी आजी मनुकांची पिशवी मांडीवर धरून बाहेर बघत होती. मला वाटलं, भरून आलं असेल. मी तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, “बघ ना आजी. त्यांनी तुझंच घर काढलं होतं. इंच न् इंच.”

“हो ना,” आजी म्हणाली.

मग ती स्वतःशी बोलल्यासारखी बोलली. “मी धरून चालले होते, की ह्यांना दिसतच नाही. दिवसभर नकाशात डोकं, मागे बायको पाटावर उभी आहे की शिडीवर, काय कळणार? आता ज्याला दिसतच नाही, त्याच्यावर किती चिडायचं? म्हणून गप्प बसले. जन्मभर.” तिनं हात सोडवून घेतला आणि दुखरं मनगट दुसऱ्या हातानं चोळलं. “दिसत होतं गं त्यांना. सगळं मापून ठेवलं होतं. आणि मग एका लग्नाच्या मांडवासाठी देऊन टाकलं. आणि घरी येऊन माझ्या हातचं जेवले.”

माझ्या मोबाइलमध्ये तिचे हसरे दिसणारे फोटो होते आणि ती त्या फोटोंत हसत नव्हती, हे मला आता दिसत होतं.

तेवढ्यात काकाचा फोन आला. फोन गाडीच्या स्पीकरवर होता. दीपप्रज्वलनाचं काय, कार्ड छापायला द्यायचंय, आईचं नाव घालू की नको? मी नको म्हणणार, तेवढ्यात आजी पुढे वाकली.

“घाल,” ती म्हणाली. “आणि दिव्याचं राहू दे, तो तूच लाव. मला माइक दे. मला ह्यांच्याशी बोलायचंय.”