नादार माणसाची वास्तुशांत

भाऊजींना मी शेवटचं पाहिलं ते दवाखान्यात, ते गेले त्याच्या आदल्या दुपारी. नर्स रक्त काढायला आली, तर त्यांनी तिला विचारलं, "सॅम्पल पे टाइम लिखा क्या?" तिनं वेळ लिहिली नव्हती. भाऊजी माझ्याकडे वळून समाधानानं म्हणाले, "पाह्य सुनंदा, हा रिपोर्ट कोर्टात टिकत नाही." शेवटी माणसाला देव आठवतो म्हणतात... आमच्या ताईच्या यजमानांना पळवाट आठवली.

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांचे वकील म्हणून रायपूरच्या कोर्टात त्यांचं नाव होतं. फुंकायचं यंत्र कधी तपासलं होतं, रक्त वेळेत घेतलं का, पोलिसाची सही कुठे आहे, यातलं काहीतरी त्यांना सापडायचंच. स्वतः दारूच्या थेंबाला शिवले नाहीत. अशील ब्राह्मणपाऱ्यातल्या घराची पायरी उतरला, की ताईच्या हातचा चहा पीत म्हणायचे, "दारू पिणारा गाढव असते. आपण फक्त त्याच्या पाठीवरचं ओझं उतरवतो." ते ओझं कोणाच्या अंगावर पडतं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही, कारण त्याच कमाईवर घर चालत होतं.

त्यांचा लाडका अशील होता एक टायरचा व्यापारी. दोनदा पकडला गेला, दोनदा भाऊजींनी सोडवला. मग एका संध्याकाळी, असाच पिऊन, त्यानं उरला या कारखान्यांच्या वस्तीकडच्या रस्त्यावर सायकलनं घरी निघालेल्या बुधरामला उडवलं. बुधराम रोलिंग मिलमधला कामगार. त्याचा एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला. गाडीचा विमा संपलेला, म्हणून भरपाई व्यापाऱ्यानंच द्यावी असा निकाल लागला. तेव्हा भाऊजींनी त्याच्यासाठी नादारीचा अर्ज लिहिला. माझ्याजवळ काहीच उरलं नाही, मला दिवाळखोर ठरवा, असा.

अर्ज कोर्टात पडून होता, आणि या नादार माणसानं आम्हाला तेलीबांध्याला वास्तुशांतीला बोलावलं. तलावासमोरचा फ्लॅट, पायाखाली गुळगुळीत दगड. ताईला एकेक खोली दाखवत तो म्हणाला, "सब अपना ही है भाभीजी. कागज पे बस साले का नाम है. वकील साहब की मेहरबानी." भाऊजी शेजारीच उभे होते. ते हसले, आणि जेवायला बसले.

पुढच्या आठवड्यात बुधरामची बायको सुकवारो भाऊजींना भेटायला घरी आली. "जो बोलना है, कोर्ट में बोलना," एवढं म्हणून ते आत गेले. ताईनं तिला पाणी दिलं, पायरीवर तिच्याजवळ बसली आणि त्या फ्लॅटबद्दल सारं सांगितलं. "अपने वकील को बोलो, मुझे गवाही में बुलाए." जेवताना भाऊजींनाही तिनंच सांगितलं.

"तुले समजते का, तू काय केलं?" भाऊजी म्हणाले.

"समजते. तुम्हालेही समजते. काहून विचारून राहिले?"

मला वाटलं होतं, भाऊजी खटला सोडतील. लाज असलेल्या माणसानं सोडला असता. ते काळा कोट घालून स्वतःच्या बायकोची उलटतपासणी घ्यायला उभे राहिले. "आपको कैसे पता, वो घर इनका है?"

ताई म्हणाली, "आपके बाजू में खड़े होकर सुना."

भाऊजी खाली बसले.

नादारीचा अर्ज फेटाळला गेला, फ्लॅट विकला गेला, बुधरामला भरपाई मिळाली. भाऊजी मात्र होते तसेच राहिले. नवे अशील येत गेले, चहा होत गेला. एकदा हाताखालच्या वकिलाला सांगताना मी त्यांना ऐकलं, "साक्षीदार कसा असावा, ते माह्या घरी येऊन पाह्य." ताईचा खरेपणाही त्यांनी आपल्याच कमाईत जमा करून टाकला... आणि आम्ही त्याला प्रेम समजावं, अशी त्यांची अपेक्षा असावी.

अंत्ययात्रेला त्यांनी सोडवलेले पुष्कळ जण आले. स्वतः गाड्या चालवत आले.

भाऊजींचा मोबाइल ताईनं बंद केलेला नाही. बैठकीच्या खोलीत, त्यांच्या टेबलावर, तो चार्जिंगला लावलेला असतो. परवा सकाळी मी तिथे होते तेव्हा वाजला. कोणाचा तरी भाचा आदल्या रात्री पिऊन गाडी चालवताना सापडला होता.

"वकील साहब नहीं रहे," ताई म्हणाली.

पलीकडचा माणूस म्हणाला, "तो अब हम क्या करें, भाभीजी?"

"जुर्माना भर दो," ताई म्हणाली, आणि फोन परत चार्जिंगला लावून ठेवला.