सुनंदाताईंनी जुळवलेली घड्याळं

सुनंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कराडच्या स्टँडवर तासगावच्या गाडीची वाट बघत होतो. त्यांची भाची बोलत होती. "सलीमदादा, आत्या सकाळी गेली... झोपेतच." गाडी आली, भरून निघून गेली, मी बाकावरच बसून राहिलो. आता महिना उलटलाय. ताई आठवल्या की अजूनही आधी हसूच येतं.

आमच्या बेदाण्याच्या सौद्याच्या, म्हणजे लिलावाच्या हॉलमध्ये मी माल लावणारा आणि त्या संगणक सांभाळणाऱ्या. सांगलीजवळच्या जैन शेतकरी घरातल्या. बरीच वर्षं शाळेत गणित शिकवून पन्नाशीत या कामाला आलेल्या. बोली नुकतीच संगणकावर लागायला लागली होती. प्रत्येक व्यापाऱ्याच्या टेबलावर एक जुनं मशीन, ते बोलीवर आपापली वेळ नोंदवायचं. एका दुपारी हिरव्यागार बेदाण्याच्या लॉटवर दोघांची अगदी सारखी बोली लागली. नियम असा, की आधीची बोली खरी. दोघेही उभे राहून ओरडायला लागले. हॉलच्या मालकांनी ताईंना बाजूला घेतलं. "मोठ्या गिऱ्हाइकाची आधी आली म्हणून सांगा आणि मिटवा." ताई तशाच सगळ्यांसमोर आल्या. "या दोन मशिनींत दोन मिनिटांचा फरक हाय. आधी कोण, ते मला ठाऊक न्हाई. ठाऊक नसलेलं मी सांगणार न्हाई." मालकांचा चेहरा बघून मला वाटलं, ताईंची नोकरी आजच गेली. ताईंनी मात्र घड्याळं जुळवायला चार दिवस मागून घेतले, तोवर तो लॉट बाजूला ठेवला.

इंटरनेटवरच्या अचूक घड्याळांना विचारून संगणकाची वेळ दुरुस्त करणारा प्रोग्राम तयार मिळतो, पण आमच्या मशिनींवरच्या जुन्या लिनक्स प्रणालीवर तो चालेना. मग ताईंनी त्याचा मूळ कोड उतरवून घेतला आणि आमच्याच मशिनीवर त्यातून चालता प्रोग्राम तयार करायला बसल्या. पहिल्याच दिवशी पडद्यावर चुकांची ही रांग... "सलीम, माझ्या सातवीच्या वर्गाचे पेपर दिसत्यात रं हे!" एकेक चूक सोडवत तिसऱ्या दिवशी प्रोग्राम उभा राहिला, आणि एका मशिनीवर लगेच बंद पडला. आतल्या घड्याळाचा सेल संपल्यामुळे ते मशीन कित्येक वर्षं मागच्या तारखेत बसलं होतं. एवढा फरक दिसला की तो प्रोग्राम कामच नाकारतो. ताई टेबलावर हात मारून हसल्या. "बघ, ह्येला पण पटंना!" मी धावत जाऊन सेल आणला. मग त्यांनी समजावलं, सौद्याआधी वेळ एकदाच नीट लावायची, दिवसभर ती हळूहळू सावरत राहायची. चालू बोलीत घड्याळानं मागं उडी मारली तर परत भांडण.

पाचव्या दिवशी तोच लॉट पुन्हा बोलीला निघाला. सगळ्या पडद्यांवर सेकंद एकदम पडत होते. ते दोघे व्यापारी एकमेकांवर डोळे रोखून बसले, आणि त्या नादात कडेगावच्या एका अबोल व्यापाऱ्यानं वरची बोली लावून माल नेला! सगळा हॉल हसला, भांडणारे दोघेही. मालक म्हणाले, "आवं ताई, तवा माझंच चुकलं." ताईंनी नुसतं विचारलं, "मग आता भजी सांगायची न्हवं?"

सौदा उघडताना प्रोग्राम वेळ लावतो, तेवढा वेळ पडद्यांवर ताईंनी टाकून ठेवलेली एक ओळ येते : 'वाईच थांबा, वेळ जुळवतेय.' त्या गेल्यानंतरच्या पहिल्या सौद्याला ती आली तेव्हा मालकांनी मला हळूच विचारलं, "काढायची का रं आता?" व्यापारी मोबाईल खिशात टाकून पडद्याकडे बघत उभे होते.

"ऱ्हाऊ दे," मागून कुणीतरी म्हणालं, "आमी थांबतो."