रिकाम्या मडक्याची साक्ष

आमच्या घरातले मडके दुष्काळातही रिकामे झाले नाही, अशी एक कथा नांदेडच्या ख्रिस्ती मंडळीत सांगितली जाते. लातूर सोडून मी लेकीकडे राहायला आलो, त्याआधीच ही कथा येथे पोचली होती. ती खोटी आहे. मडके रिकामे झाले होते आणि त्याचा तळ मी स्वतः पाहिला आहे.

आमच्या लोकांत स्वयंपाकाला हात घालण्यापूर्वी घरची बाई मूठभर धान्य देवाच्या नावाने वेगळ्या मडक्यात टाकते. रविवारी साऱ्या घरांची ज्वारी चर्चमध्ये एका चादरीवर ओतली जाते आणि उपासनेनंतर गरजू घरांना वाटली जाते. लातूरला ते माप माझ्या हाती होते. त्याचा मला अभिमान होता आणि आजही आहे.

ज्या वर्षी लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या वर्षी बांधकामे थांबली. घरे उभी राहीनात, तेव्हा दारांच्या चौकटी कोणाला हव्या असणार? मी सुतार. रंधा खुंटीवर टांगला गेला. देव पुरवील, असे मी बायकोला रोज सांगत होतो; मात्र आपल्याला वाटपाच्या रांगेत उभे न करता पुरवील, अशी एक अट मी मनातल्या मनात घालून ठेवली होती. ती देवाने कधी मान्य केली होती, हे मला कोणी विचारले नाही.

एका शनिवारी कणगी झाडून झाली. रविवारी बायकोने नेहमीप्रमाणे आठवड्याच्या मुठी चादरीवर ओतल्या. उपासना संपल्यावर तेच मडके घेऊन ती वाटपाच्या रांगेत उभी राहिली. तिने मला आधी सांगितले नव्हते.

तिची पाळी आली. मडक्याच्या तळाशी चार दाणे चिकटलेले होते. मागच्या म्हातारीने तेवढ्यात टोमणा मारला, "मापारी घरचाच हाय बाई, शीग लावून घे."

पंक्तिप्रपंच केला असे कोणी म्हणू नये, म्हणून मी माप भरले आणि वरून तळहात फिरवून ते सपाट केले. त्या दिवशी इतर प्रत्येकाला मी मापावर रास येईल अशी शीग लावून दिले होते.

बायकोने मडके पुढे केलेच नाही. "अवो, हात कशाला फिरवून राहिलात?"

"घरचं माणूस हाय तू."

"घरच्या माणसाला भूक कमी लागती का? माझी मूठ घेताना तुम्ही सपाट करून घेतली न्हाई."

रांग हसली. मी शीग लावली. ती मडके कमरेवर घेऊन ताठ मानेने बाहेर पडली. मागच्या बाकांवरच्यांनी मडके भरलेले येताना पाहिले, भरलेले जाताना पाहिले आणि मधला भाग स्वतः रचला.

त्या रात्रीची भाकर मी लाजत खाल्ली, असेही सांगतात. तेही खोटे. मी पोटभर खाल्ली. त्या ज्वारीत कोणाकोणाच्या मुठी होत्या, हे ओळखता येत नव्हते. आमचीही त्यात होती. माझ्या आयुष्यातल्या समाधानाची सुरुवात त्या ताटापासून झाली.

बायको आता नाही. यंदा देवाचे आभार मानायच्या उपकारस्तुतीच्या रविवारी येथल्या चर्चच्या तरुण पाळकसाहेबांनी मला सर्वांसमोर साक्ष द्यायला सांगितले. मी खरी हकिकत आधी त्यांच्या कानावर घातली. ते म्हणाले, "काका, ते मडकं रिकामं झालं नाही, एवढंच सांगा. लोकांचा विश्वास वाढतो."

मी म्हणालो, "साहेब, मडकं आपोआप भरलं म्हटलं, की माझी बायको त्या रांगेत उभीच राहिली नाही असं होतं. तिच्याइतका विश्वास माझ्यापाशी नव्हता. तो पुसून मी देवाचा मोठेपणा सांगणार नाही."

मी उभा राहिलो आणि सारे सांगितले. तळाचे दाणे, फिरवलेला तळहात, तिचे बोलणे. पाळकसाहेब चष्मा पुसत होते. शेवटी बायकांच्या बाजूने एक म्हातारी बसल्या जागेवरूनच बोलली, "आन् मग? शीग लावून दिलं का न्हाई?"

"दिलं," मी म्हणालो, आणि खाली बसलो.