दादाची बिनगळाची मरळ

माझ्या भावाला गंगेपर्यंत जायचं होतं. तो मुरगूडच्या पुढं गेला नाही.

आज दादाचा दिवस. दर वर्षी लिहायचं टाळते. मी पेपरातल्या सदरात लोकांची टिंगल करून पोट भरते आणि आजच्या दिवशी ते जमत नाही.

ऐंशीच्या दशकातलं कोल्हापूर. मी कॉलेजात. दादाचं आणि त्याचे उस्ताद इस्माईलभाई यांचं हायवेला लागून गॅरेज. दोघांनी भंगारातली एक जीप आणून तिला पायावर उभं केलं होतं.

दादाचा प्लॅन साधा होता. जीप काढायची, गंगा येईपर्यंत चालवायची. मधे थांबायचं ते फक्त मरळीसाठी.

मरळ म्हणजे नदीतला काळा, डूख धरणारा मासा. शेवाळाखाली दबा धरून पडतो. वरून बेडूक पोहत गेला की पाणी फुटतं. बाकीचे मासे गळाला लागतात, मरळ गळावर चाल करून येते.

गॅरेजात येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला दादा विचारायचा, तुमच्याकडं कुठल्या पुलाखाली मरळ हाय? पंजाबच्या ड्रायव्हरला भाषा कळेना, तर ग्रीसचं बोट घेऊन त्याच्याच बॉनेटवर मासा काढून दाखवला. त्या बिचाऱ्यानं ट्रक पुसून घेतला, पण पूल सांगून गेला.

मग संध्याकाळी घरी माझ्या शाळेच्या नकाशावर पेन्सिलीनं खूण.

"दादा, वाटेत ताजमहाल येतोय."

"तितं मरळ हाय का?"

"मागं यमुना आहे की."

"पाणी घाण हाय म्हणं. खोड."

ताजमहाल असा गेला.

"मी कशाला पायजे तुला?"

"नकाशा वाचाय एक शिकलेलं माणूस लागतंय."

"आणि गळाला लावायला बेडूक कोण धरणार?"

"तूच. शिकलेली हाईस न्हवं?"

मग दादाच्या किडन्या गेल्या.

एवढ्या एका ओळीत ते मावत नाही, पण घडलं तेवढ्याच वेगात.

डॉक्टरांनी पाणी तोडलं. दिवसाला मोजकं. आणि हा पठ्ठ्या गादीवर बसून नद्या ठरवत होता.

आईनं देवीपुढं पदर पसरला. पोरगं बरं हुईस्तोवर ह्या घरातलं कुणी जिवाला धक्का लावणार न्हाय.

कोल्हापुरातल्या घरात मटण बंद. शेजारीण हळूच विचारायला आली, कुणाचं काय झालं का म्हणून.

मटणाचं काही नाही. पण त्या नवसात दादाचा गळही गेला. ज्याच्यासाठी नवस, त्याचीच एक इच्छा त्यात अडकली. हे आईच्या ध्यानात नव्हतं असं नाही. पण देवीला दिलेला शब्द परत कसा मागायचा?

दादा भांडला नाही. रूट मात्र आखडत गेला.

"गंगेला लई गर्दी असती. खोड."

खोडली.

"नर्मदेत मगरी हायत."

खोडली.

"गोदावरीला आपल्या वळखीचं कोन न्हाय."

दादाला वळख कधीपासनं लागायला लागली, हे मी विचारलं नाही. घरात सगळ्यांना कळत होतं. बोलायचो फक्त मरळीबद्दल.

शेवटी नकाशावर एकच खूण राहिली. मुरगूडजवळ वेदगंगेचा डोह.

एका सकाळी दादा म्हणाला, "आई, मुरगूडला जाऊन येतो."

"नवस हाय बाबा."

"गळ लावत न्हाय. नुसती दोरी. ती चावंल, वडंल, सोडंल. तिचं बी काय जात न्हाय, देवीचं बी न्हाय."

आई म्हणाली, "आन् बेडूक? त्यो बी जीवच हाय की."

दादानं भिंतीकडं तोंड केलं.

आई उठली. ट्रंकेतनं हिरवा खण काढला आणि बेडूक शिवायला बसली. आत कापूस, डोळ्यांना काळे मणी.

इस्माईलभाई जीप घेऊन आले. बेडूक हातात घेऊन त्यांनी सगळीकडनं निरखला. "काकू, पाय जरा लांब करा. ह्यो बसलेला बेडूक झालाय, आपल्याला पवणारा पायजे."

आईनं उसवून परत शिवला.

डोहावर इस्माईलभाईंनी दादाला पाठीवर घेऊन खाली उतरवलं. त्याचं वजन काही राहिलंच नव्हतं, तरी ते मुद्दाम म्हणाले, "जड झालाईस लेका." दादा खूश.

खणाचा बेडूक शेवाळावरनं सरकत राहिला. काही नाही. परत टाकला. काही नाही. दादानं काठी दुसऱ्या हातात घेतली. मी म्हटलं, देऊ का मी टाकून? त्यानं नुसतं बघितलं.

आणि पाणी फुटलं.

काठी वाकली. दोरी ताठ. इस्माईलभाईंनी मागनं त्याला कमरेला धरलं.

"तायडे, गळ न्हाय," दादा म्हणाला. "गळ न्हाय तरी सोडंना. आपल्या मनानं धरलीया तिनं."

किती वेळ ते सांगता येत नाही. थोडाच.

मग दोरी सैल पडली.

इस्माईलभाई उगीचच जीपचे टायर बघायला गेले.

घरी आई दारातच उभी. तिनं तब्येत विचारली नाही, दमलास का विचारलं नाही. "केवढी हुती?" म्हणाली.

दादानं हात पसरून दाखवलं. जेवेपर्यंत तेच सांगत होता. आई प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी "व्हय?" म्हणत होती.

त्याच आठवड्यात दादा गेला.

आई आता थकली आहे. माणसं विसरते, मलाही कधी कधी पावणी समजते. आज दुपारी म्हणाली, "बसा. आमच्या पोरानं मरळ धरलीती मुरगूडला. केवढी सांगू?"

आणि दोन्ही हात पसरले. पसरतच गेली. पुरेनात.

दादा, तुझी आठवण येते रे. बस, एवढंच.