गैरहजेरीचा रकाना

“मोजणी मोडता कामा नये, बाकी काय मोडायचं ते मोडू दे.”

घडीवाले हे एकदा आमच्या जिन्यात म्हणाले होते. हातात दुधाची पिशवी होती, आवाज नेहमीसारखा खाली होता. तीन वर्षं ते वाक्य माझ्याकडे बिनकुलपाच्या किल्लीसारखं पडून राहिलं. कुलूप सापडलं त्या रविवारी मी त्यांच्याच घरात, त्यांच्याच खुर्चीवर बसून, ते किती सरळ माणूस आहेत हे कागदावर लिहून देत होतो.

ते एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात धुलाईखान्यात कामाला होते. तापलेल्या रोलरमधून चादर बाहेर आली की दोघांनी दोन टोकं धरायची, ताणायची, एकमेकांकडे चालत जायचं, कोपऱ्याला कोपरा जुळवायचा, खालची कड उचलायची, पुन्हा मागे सरायचं. दिवसातून सहाशे-सातशे वेळा. समोरचं टोक धरायला कायम एकच माणूस, त्याला सगळे रोलरवाला म्हणत. अकरा वर्षं हे दोघं असे एकमेकांकडे चालत होते. “माझ्याकडे एवढी पावलं टाकली असती तर आमचा संसार सोन्याचा झाला असता,” असं घडीवाल्यांची बायको सगळ्यांसमोर म्हणायची, आणि ते मान खाली घालून हसायचे.

घरातही त्यांचे हात थांबत नसत. वर्तमानपत्र, प्लास्टिकच्या पिशव्या, विजेची बिलं, समोर येईल त्याची घडी. “फार वेळ एका जागी बसायची भीती वाटते मला,” वहिनी म्हणायच्या. “माझीही घडी घालून कपाटात ठेवतील.”

त्या कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीच्या रेघा होत्या. दर रविवारी एक. दहा रेघा झाल्या की त्यांच्याभोवती चौकोन, जसा दहा चादरींचा गठ्ठा बांधतात तसा. या देशात कायमचं राहण्याचा अर्ज करायला सलग पाच वर्षं भरावी लागतात, आणि ती पाच वर्षं ज्या परवान्यापासून धरतात तो त्यांना यायला फार उशीर झाला होता. अर्ज मंजूर झाला की पुढे वर्षभरानं नागरिकत्व. पण त्यांची खरी घाई वेगळीच होती. मुलगी एकवीस वर्षांची व्हायच्या आत अर्ज जायला हवा होता. एकवीस पुरी झाली की ती बापाच्या अर्जातून गळते, आणि शिक्षण संपल्यावर तिला एकटीला परत जावं लागतं. कुठे परत? ती नऊ वर्षांची असताना इथे आली. त्या रविवारी तिच्या एकविसाव्या वाढदिवसाला चार महिने उरले होते आणि कपाटाच्या दारावर सव्वीस चौकोन पुरे झाले होते.

मला बोलावलं होतं ते ओळखीचा माणूस म्हणून. अर्जासोबत अशा एकाचं पत्र लागतं जो अर्जदाराला पाच वर्षं ओळखतो आणि ज्याचा धंदा इभ्रतीचा आहे. मी सार्वजनिक वाचनालयात नव्यानं आलेल्या लोकांना इथली भाषा शिकवतो. सारी इमारत मला मास्तर म्हणते. तेवढी इभ्रत पुरेशी होती.

टेबलावर कागदांचे ढीग होते आणि मुलगी त्यांच्यावर पहारा देत होती.

“बाबा, हात नाही लावायचा. जन्मदाखल्याची तुम्ही चौघडी करून ठेवलीत, माहितेय ना? त्या घडीवर नेमका शिक्का आलाय. आता नवीन मागवावा लागला.”

“बरं, वकीलसाहेब.” घडीवाले जमिनीवर धुतलेले कपडे घेऊन बसले होते. “आम्ही आपले इथे टॉवेल बघतो.”

“काका, यांनी परीक्षेत काय केलं ठाऊक आहे?” मुलगी मला म्हणाली. “तोंडी परीक्षेत बाईंनी विचारलं, वरच्या सभागृहात किती सभासद. तर हे आधी डोळे मिटून बोटं मोजत बसले.”

“गठ्ठ्यानं पाठ केलं होतं,” घडीवाले म्हणाले. “सात गठ्ठे आणि वर सहा सुट्या. शहात्तर. बरोबर आलं की नाही?”

“सभासद आहेत ते, उशांचे अभ्रे नाहीत,” वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, आणि आम्ही सगळे हसलो. ते हसणं मला आता नीट आठवतं. त्या घरातलं मी ऐकलेलं ते शेवटचं.

मुलगी शेवटच्या पानावर आली. तिथे एक रकाना होता: या पाच वर्षांत देशाबाहेर काढलेले दिवस.

“बाबा, आजीच्या वेळचं ते परवानगीचं पत्र. उद्या हॉटेलच्या ऑफिसातून आणाल ना? तीनदा सांगितलं तुम्हाला.”

इथे मला थोडं मागे जायला हवं. आमच्या इमारतीत आणि त्यांच्या तळघरात एक गोष्ट सगळ्यांना पक्की माहीत होती. पाच वर्षांत एक दिवस जरी देशाबाहेर पाऊल टाकलं, तरी मोजणी शून्यावर येते. हे कुठे लिहिलंय, कुणी विचारलं नव्हतं. सरकारी ऑफिसात जाऊन विचारायचं नाही, हेही तितकंच पक्कं होतं. विचारायला गेलं की आपलं नाव त्यांच्या डोळ्यावर येतं, मग ते फाईल काढतात आणि फाईल काढली की काहीतरी निघतंच. रोलरवाला या भीतीनं स्वतःच्या बहिणीच्या लग्नाला गेला नव्हता. तीन वर्षांपूर्वी घडीवाल्यांची आई गावी वारली. सकाळी धाकट्या भावाचा फोन आला, आणि संध्याकाळी घरच्यांना कळलं की हॉटेलच्या साहेबांनी खटपट करून नऊ दिवसांची खास परवानगी मिळवून दिली आहे. ते दिवस मोजणीत माफ आहेत, पत्र हॉटेलच्या ऑफिसात जपून ठेवलं आहे. वहिनींनी बॅग भरली. मायलेकी त्यांना विमानतळाच्या बसपर्यंत सोडून आल्या.

ते परत आल्यावर मी भेटायला गेलो होतो. त्यांनी सगळं सांगितलं. कोण कोण आलं, धाकटा कसा ओटीवर बसून राहिला, कुणाचं बोलणं ऐकेना. म्हणाले, “आईच्या अंगावर चादर मी घातली. चारही कोपरे सारखे केले.” दोघा भावांत तिथे शब्दाला शब्द वाढला म्हणून धाकट्याचा फोन पुढे कायमचा बंद झाला, हेही त्यांनीच सांगितलं.

“आणतो,” ते आता टॉवेलकडे बघत म्हणाले. “साहेब बदललेत. शोधावं लागेल.”

“थांबा, नेमकं कसलं पत्र लागतं ते बघते.” मुलीनं सूचनांची पुस्तिका ओढली. ही पुस्तिका आमच्या वाचनालयात दाराजवळच्या फळीवर फुकट ठेवलेली असते. मी रोज तिच्यापुढून जातो. ती पान उलटत गेली, एका जागी बोट ठेवून थांबली, आणि तिचा चेहरा उजळला.

“बाबा, पत्र लागतच नाही. ऐका. पाच वर्षांत मिळून एकशे ऐंशी दिवसांपर्यंत बाहेर राहिलं तर मोजणीत खंड धरत नाहीत. आणि पुढे बघा, आईवडील, जोडीदार किंवा अपत्य यांच्या मृत्यूमुळे केलेला प्रवास तर गैरहजेरीत धरतच नाहीत. कुणाच्या परवानगीची गरज नव्हती. तुम्ही नुसतं विमानात बसायचं होतंत.”

घडीवाल्यांच्या हातातला टॉवेल अर्ध्यावर होता. तो तसाच राहिला. त्यांचे हात अर्ध्या घडीवर थांबलेले मी कधी पाहिले नव्हते.

“परत वाच,” ते म्हणाले.

तिनं परत वाचलं.

“हा नियम नवा असेल.”

“नाही हो. खाली साल दिलंय. आपण इथे आलो त्याच्याही आधीचा आहे.” ती खुशीत होती, तिचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. “बरं झालं, एक काम वाचलं. आता फक्त गेल्याची-आल्याची तारीख. शिक्क्यावरून लिहिते.”

तिनं त्यांचा पासपोर्ट उघडला आणि पानं चाळली. मग पहिल्यापासून सावकाश, एकेक पान उलटत गेली. मग उजेडाकडे धरून.

“शिक्का नाहीये.”

“राहिला असेल मारायचा,” वहिनी हात पुसत बाहेर आल्या. “माणसंच आहेत तीही.”

“आई, चार शिक्के लागतात. इथून निघताना, तिथे पोचताना, तिथून निघताना, इथे येताना. चारही कसे राहतील?”

मला वाटलं, मी उठून जावं. पण माझ्या हातात ते अर्धं लिहिलेलं पत्र होतं, आणि ते ठेवायला टेबलावर जागा नव्हती.

“मी गेलो नाही,” घडीवाले म्हणाले.

“कुठे गेला नाहीत?” वहिनींनी विचारलं.

“आईकडे. विमानतळावर गेलो. आत जायची रांग होती, तिच्या बाहेर बाकावर बसलो. विमान गेलं. मग उठलो.”

“अहो, मी बॅग भरली होती.”

“हो.”

“पोचलो म्हणून फोन केलात मला.”

“धुलाईखान्यातून केला.”

वहिनी खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या. “नऊ दिवस तुम्ही कुठे होतात?”

“खालीच. फाटक्या चादरी ठेवतात ती खोली आहे ना, तिथे. रोलरवाल्याला तेवढं माहीत होतं. तोच डबा आणायचा. साहेबांना वाटलं रजा रद्द केली, मी कामावरच होतो.” ते हे सगळं एका सुरात सांगत होते, कामाची पाळी सांगावी तसं. “धाकट्याला सांगितलं की रजा मिळाली नाही. तो म्हणाला, बरं. एवढंच म्हणाला. मग त्यानं फोन ठेवला.”

“आणि ती चादर?” वहिनींचा आवाज एकदम बारीक झाला. “चारही कोपरे सारखे केले म्हणालात. मी किती जणांना सांगितलं ते. माझ्या बहिणीला सांगितलं.”

“ते केलं,” घडीवाले म्हणाले. “तिकडे आईला नेतील त्या वेळेला, इथे खालीच, टेबलावर एक कोरी चादर अंथरली. समोरून रोलरवाल्यानं धरली. कोपरे सारखे केले.”

मी कागदाकडे पाहत राहिलो. मी यांना आठ वर्षं चांगला ओळखतो, असं माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं. आणि मग मला तो जिना आठवला. दुधाची पिशवी. आई जायच्या आदल्या दिवशीची गोष्ट; ती अंथरुणाला खिळल्याचं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ते वर चढता चढता थांबले होते आणि त्यांनी मला विचारलं होतं, “मास्तर, तुम्ही शिकलेले. एक दिवस जरी बाहेर गेलं तरी मोजणी मोडते ना?” आणि मी, ज्याच्या वाचनालयात दाराजवळच्या फळीवर ती पुस्तिका होती, म्हणालो होतो, “असंच ऐकलंय बुवा.” आणि मान डोलावली होती. त्यानंतरच ते वाक्य आलं होतं. ते एकदम माझ्या अंगावर आलं, तीन वर्षांनी, भर दुपारी.

“तुम्ही मला विचारलं होतंत,” मी म्हणालो.

“हो,” ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. त्यात राग नव्हता; असता तर बरं झालं असतं.

मुलगी पेन्सिलीनं एका कोऱ्या कागदावर काहीतरी मांडत होती. तीन वर्षांपूर्वीची तारीख, अधिक पाच वर्षं, स्वतःची जन्मतारीख. खाली उत्तर आलं. बावीस वर्षं, आठ महिने. मोजणी तेव्हा शून्यावर आली असती तर तिचं वय तेवढं झालं असतं. तिनं पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली, ती घरंगळणार नाही अशी, फार जपून.

“माझ्यामुळे,” ती म्हणाली.

“तुझ्यामुळे कशाला?” वहिनी म्हणाल्या, पण त्या तिच्याकडे नव्हे, नवऱ्याकडे बघत होत्या. “मला सांगितलं असतंत तर? एका शब्दानं? मी गेले असते ऑफिसात. मला काय घाबरायचंय त्यांना? मी विचारलं असतं.”

“म्हणूनच नाही सांगितलं.”

बाहेर कुणीतरी गाडीचं दार लावलं. वहिनी खाली बसल्या, टॉवेलांच्या गठ्ठ्याशेजारी. त्यांनी वरचा टॉवेल उचलला, उलगडला, आणि मांडीवर तसाच विस्कटलेला ठेवला.

अर्जात काही चूक नव्हती. हे मला तेव्हाच कळलं आणि तेच सगळ्यांत भयंकर वाटलं. माणूस पाच वर्षांत एकही दिवस देशाबाहेर गेला नव्हता. कागद सगळे स्वच्छ होते. मुलीला चार महिने होते. सोमवारी अर्ज जाणार होता, आणि मंजूर होणार होता. आणि तोच माणूस नऊ दिवस खरोखर गावी जाऊन आईच्या पायाशी बसून आला असता तरीही, अर्ज मंजूरच झाला असता.

घडीवाले उठले. टेबलाजवळ आले. त्यांनी पुस्तिकेतलं ते पान धरलं, पिनेजवळून सावकाश सोडवलं. मुलीनं या वेळी त्यांना अडवलं नाही. त्यांनी पानाची एक घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून, मग दुसरी. अंगठ्यानं कड दाबली आणि तो चौकोन शर्टाच्या खिशात ठेवला.

“बाबा,” मुलगी म्हणाली, “रकान्यात काय लिहू?”

ते दाराशी बसून बूट घालत होते. डाव्या बुटाची नाडी बांधली, उजव्या बुटाची बांधली.

“अहो, ती काय विचारतेय?” वहिनी म्हणाल्या. “शून्य लिहायचं ना?”

“रोलरवाला आज पाळीवर असेल,” म्हणत घडीवाल्यांनी खिसा चाचपला, कडी काढली आणि ते बाहेर पडले.