भाऊजींचा फास्टबॉल

अख्ख्या ओहायोत आमच्या भाऊजींइतका संथ माणूस नव्हता, आणि फास्टबॉलवर त्यांच्याइतका जीव टाकणाराही दुसरा नव्हता. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. मूळचे नागपूरचे, नोकरी आयटीत, मुक्काम ओहायोतल्याच डब्लिनला, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पण ताईचा "निघालो गं" असा फोन आला की मी निवांत कुकर लावायचे, आणि भाऊजींची गाडी दारात लागेपर्यंत माझी वरणाला फोडणी देऊन झालेली असायची. फ्रीवेवर सावकाश गाड्यांची उजवी लेन सोडायची नाही, मागचा कितीही वैतागो. जेवायला बसले की आम्ही हात धुऊन गप्पांना लागलो तरी ह्यांचा पहिला भात चालूच. कॉलेजच्या टीममध्ये ते स्पिन टाकायचे. तीही इतकी हळू, की बॉल पोचेपर्यंत बॅट्समन ग्लोव्हज नीट करून घ्यायचा, असं ताई सांगते.

अशा माणसाला अमेरिकेत येऊन बेसबॉलचं वेड लागावं आणि त्यातही फास्टबॉलचं, आता काय बोलणार! त्यांचं म्हणणं असं, की सगळा खेळ त्या एका सरळ, वेगवान बॉलवर उभा आहे. पिचरकडे, म्हणजे बॉल टाकणाऱ्याकडे, वळणारे, फसवे, मधेच मंदावणारे ढीगभर बॉल असोत. समोरच्याला वेगाची धास्ती असते म्हणून तर ते चालतात. बॅट धरणाऱ्यानेही मनात कायम फास्टबॉलच ठेवायचा. वेगाची तयारी असली आणि बॉल हळू आला, तर क्षणभर थांबता येतं. हळूची वाट बघत बसलात आणि फास्ट आला, तर बॅट उचलेपर्यंत तो मागे पोचलेला असतो. हे प्रवचन त्यांनी कुणाला दिलं नाही? मंडळाच्या दिवाळीत फास्टबॉलला दोन बोटं कशी ठेवायची ते बेसनाच्या लाडवावर दाखवताना लाडूच फुटला, आणि ताई सगळ्यांसमोर कार्पेटवरचा चुरा वेचत बसली. मी इंटरव्ह्यूला निघाले तेव्हाही ऐकवलंच, की अवघड प्रश्न धरून चाल, सोप्याला थांबता येतं. ती नोकरी मला लागली. श्रेय अर्थातच मी त्यांना दिलं नाही, मेहुणी आहे शेवटी.

दर शनिवारी ते बॅटिंगच्या सरावाला जायचे. तिथे मशीन बॉल फेकतं आणि वेग आपण निवडायचा. सगळ्यात वेगवान मशीनपुढे पहिला अख्खा उन्हाळा त्यांच्या बॅटला बॉल शिवला नाही. पण बाप्पा, चिकाटी! संथ माणसाचं एक असतं, तो कंटाळत नाही. हळूहळू बॉल लागायला लागला, मग चांगला लागायला लागला.

दुखणं वेगळंच होतं. त्यांच्या ऑफिसच्या पिकनिकला दर उन्हाळ्यात बेसबॉल व्हायचा आणि त्यांचा मॅनेजर, कॉलेजात पिचर असलेला दांडगा माणूस, पिचिंग करायचा. आपल्या अमेरिकन लोकांना तो असा बॉल टाकायचा की नुसता सप्प आवाज यायचा. आमचे भाऊजी उभे राहिले की मात्र हसून, लहान मुलांना टाकतात तसा अलगद. भाऊजी तो मारायचे, सगळे टाळ्या वाजवायचे, आणि परतताना यांचा चेहरा उतरलेला.

"अहो, भला माणूस आहे, सांभाळून घेतो," मी एकदा म्हटलं.

"तेच तर! सहा वर्षं बरोबरीनं काम करून राहिलो ना मी? मग मले काहून सांभाळते तो?"



मग व्हिसाची मुदत संपत आली, ग्रीन कार्डाचं काही जमेना, आणि परत जायचं ठरलं. घर आवरायला घेतलं, फर्निचर विकायला काढलं, पण भाऊजींच्या डोक्यात शेवटची पिकनिक. त्या दिवशी खेळ सुरू होण्याआधी ते मॅनेजरकडे गेले आणि म्हणाले, की मला हळू टाकू नका, आऊट झालो तरी चालेल. मॅनेजर आधी हसला. मग त्यानं भाऊजींकडे नीट बघितलं आणि मान हलवली.

पहिला बॉल सप्पकन मागे. दुसराही. आमची सगळी देशी मंडळी भेळेच्या प्लेट खाली ठेवून बघत होती. तिसरा मात्र बॅटवर बसला, टणकन. बॉल जमिनीलगत लांब डावीकडे गेला, तिथल्या माणसाच्या हातून निसटला, आणि आमचे भाऊजी धावले! ताईनंसुद्धा त्यांना धावताना कधी बघितलं नव्हतं. पहिल्या बेसची पांढरी गादी हातभर राहिली तेव्हा त्यांनी हातातली बॅट लांब करून गादीला टेकवली, आणि क्रीझमध्ये पोचल्यासारखे तिथेच थांबून टोपी नीट करू लागले. बेसबॉलमध्ये बॅट मागेच टाकायची आणि गादीला आपण शिवायचं, हे त्यांना माहीत नव्हतं थोडंच? पण पायांना नागपूरच आठवलं. तेवढ्यात बॉल आला आणि बेसवरच्या माणसानं तो झेलून यांच्याआधी गादीवर पाय ठेवला.

ताईनं कपाळावर हात मारला. अमेरिकन लोकांना हा थांबला का तेच कळेना. त्यांच्यातलेच दोघं-चौघं म्हणाले, जाऊ दे, त्याची शेवटची पिकनिक आहे, राहू दे त्याला बेसवर. मॅनेजर चालत आला, गादीकडे बघितलं, भाऊजींकडे बघितलं आणि बेसबॉलमधल्या आऊटच्या खुणेसारखा अंगठा वर करून म्हणाला, "यू आर आऊट." मग हात पुढे केला.

भाऊजी बॅट खांद्यावर टाकून आमच्याकडे आले ते त्यांच्या नेहमीच्या चालीनं, रमतगमत. मला वाटलं, आता काय समजूत घालायची यांची?

"पाहिलं ना?" ते म्हणाले. डोळे भरले होते त्यांचे. "आऊट दिला त्यानं मले."

दिवाळीआधी ते दोघं नागपूरला गेले. मी कॉलिंग कार्डावरून फोन करते, तर ते बोलायला लागेपर्यंत कार्डाची निम्मी मिनिटं वाया जातात. इकडे घरी वरण वेळेवर होतं, वाट बघायला कुणी नसतं. मात्र फ्रीवेवर उजव्या लेनमधून कुणी सावकाश चाललेलं दिसलं तर मी हॉर्न देत नाही. पुढे जाताना आत डोकावून बघते, उगाचच.