दादाचं फिरणं

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. लहानपणी आलेल्या तापानंतर त्याची समज पाच-सहा वर्षांच्या मुलाएवढीच राहिली. आई गेल्यापासून तो आमच्याकडे असतो, डोंबिवलीत, मानपाडा रस्त्याच्या आतल्या गल्लीत. त्याला टीव्ही आवडत नाही, पाहुणे तर मुळीच नाहीत. आवडतं ते फिरायला जाणं, आणि तेही फक्त माझ्याबरोबर. मी निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी आम्ही निघायचो. तो पुढे, मी मागे. कुठे नवी बिल्डिंग उभी राहत असली की तिथली क्रेन बघत तो मान वर करून थांबायचा. मी कंटाळून म्हणायचो, ‘चल आता,’ की पुन्हा झपाझप पुढे.

मग माझा उजवा गुडघा दुखायला लागला. आमची सोसायटी जुनी, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. आधी फक्त जिने उतरताना वाटीच्या मागे कळ यायची. नंतर चालतानाही यायला लागली. मी माझं मीच ठरवून टाकलं की गुडघा झिजलाय, त्याला आराम हवा. तेल चोळलं, पट्टा आणला, दुखलं की गोळी घेतली आणि फिरणं बंद केलं.

पहिल्या दिवशी दादा बूट घालून माझ्या खुर्चीपाशी आला.

“बाळ, चल.”

“आज नको दादा. पाय दुखतोय.”

तो खाली वाकला, गुडघ्यावर फुंकर मारली आणि म्हणाला, “झालं. चल.”

मी हसलो, पण उठलो नाही. दुसऱ्या दिवशी तो परत आला, तिसऱ्या दिवशीही. बायकोने कामावरून आल्यावर त्याला न्यायचा प्रयत्न केला. “दादा, माझ्याबरोबर चला, आपण भाजी घेऊन येऊ.” तो तिच्याबरोबर गेटपर्यंत गेला, तिथल्या पायरीवर बसला आणि थोड्या वेळाने वर निघून आला. काही आठवड्यांनी त्याने विचारणंच सोडलं. तेव्हा मला हायसं वाटलं. आता रोज नाही म्हणायला नको, एवढाच विचार मी केलेला.

दिवाळीनंतर धरलेला आराम होळी आली तरी चालूच होता. गुडघा बरा होईना, उलट बसून उठलं की पहिली चार पावलं टाकणं मुश्कील व्हायचं. शेवटी बायको म्हणाली, “आरामाने बरा व्हायचा असता, तर एव्हाना तुम्ही नाचायला लागला असता.” तिनेच ठाण्याच्या एका हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. ती स्वतः कामावर जाणार होती आणि दादाला घरी एकटं ठेवता येत नाही, म्हणून रिक्षात मी त्यालाही बरोबर घेतलं.

डॉक्टरबाईंनी एक्स-रे बघितला, पाय वाकवून बघितला. मग दोन्ही मांड्या हातांनी चाचपल्या.

“झीज आहे, पण वयाच्या मानाने फार नाही. ऑपरेशनचं काही कारण नाही. चालणं कधी बंद केलंत?”

“झाले चार-पाच महिने.”

“हा मांडीचा स्नायू बघा, त्या पायापेक्षा किती सुकलाय. गुडघ्यावरचा भार हा सांभाळतो. तुम्ही यालाच घरी बसवलंत.”

“पण चाललं की दुखतं ना.”

“थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशीही दुखणं वाढलेलंच राहिलं, तर समजायचं जास्त झालं. मग कमी चालायचं. बंद नाही करायचं. सूज आली किंवा गुडघा अडकायला लागला तर मात्र लगेच या.”

आम्ही निघालो. दादा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेला. त्याने दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर रोवले, एकदा पुढे झुकला, परत मागे बसला, पुन्हा झुकला, तेव्हा कुठे उभा राहिला.

डॉक्टरबाई त्याच्याकडे बघत होत्या. “यांचेही गुडघे दुखतात का?”

“नाही हो. तो तर रोज...” मी तिथेच थांबलो.

घरी आल्यावर जिन्यात मी त्याच्या मागे राहिलो. एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत, कठडा धरून तो चढत होता. इतके महिने तो माझ्या डोळ्यांसमोर बसून होता आणि मी फक्त माझा गुडघा बघत होतो. मला निदान दुखतंय असं सांगता येत होतं. त्याने काय सांगायचं?

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरबाईंनी सांगितलेले व्यायाम सुरू केले. पलंगावर उताणं पडून पाय सरळ उचलायचा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची. दादा शेजारी आडवा व्हायचा आणि दोन्ही पाय एकदम उचलून हसायचा. खुर्चीतून हात न टेकता उठायचा व्यायाम तर मी मुख्यतः त्याच्यासाठीच करत होतो. जिना चढताना आधी चांगला पाय वर टाकायचा, उतरताना आधी दुखरा पाय खाली. फिरणं सुरुवातीला नुसतं कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत. तिथे बाकावर बसायचं आणि परत यायचं.

आता माझा गुडघा पुष्कळ बरा आहे. सपाट रस्त्यावर अर्धा तास चालतो. दादा मात्र पूर्वीसारखा झाला नाही. हल्ली मी पुढे असतो आणि वळून त्याची वाट बघत उभा राहतो. बायको म्हणते, “तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?” मुद्दाम नाही केलं, हे मलाही कळतं. पण तो मागून पाय ओढत येताना दिसला की ते कळून काही उपयोग होत नाही.

परवा मैदानाच्या कडेला बसलो असताना त्याने विचारलं, “बाळ, पाय दुखतो?”

“नाही रे, आता नाही दुखत.”

त्याने आपल्या पायाकडे बघितलं. मग म्हणाला, “माझा दुखतो.”

आजवर हे त्याने कधी सांगितलं नव्हतं. कुठे दुखतं, ते त्याला दाखवता येईना. कधी गुडघ्यावर हात ठेवायचा, कधी पोटरीवर. मी दाबून बघत होतो आणि तो माझ्या तोंडाकडे बघत होता. घरापर्यंत रिक्षा केली. सोमवारी त्याला ठाण्याला नेतोय.